गाडी किती देते? डिझेलच्या वहीविषयी थोडे



खोडव्याचे पाचट, हुमणी, बेणे बदल अशा विषयांवर आम्ही या पानावर लिहीत असतो. या वेळी विषय उसाचा नाही, पण उसाच्या बिलातून जो पैसा गुपचूप बाहेर जातो त्यातल्या एका खर्चाचा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात आता बऱ्याच सभासदांच्या दारात पिकअप उभी असते. रोपवाटिकेतून उसाच्या रोपांचे ट्रे आणायचे, सोसायटीतून खत आणायचे, टोमॅटो-फ्लॉवर मार्केटला न्यायचे आणि मधल्या दिवसांत दुसऱ्याचे भाडे मारायचे, असा तिचा संसार चालतो. एकराला किती टन पडले हे आपण वजनाच्या पावतीवरून सांगतो. गाडी किती देते हे मात्र बहुतेक जण तोंडानेच सांगतात. "बारा-तेरा देते की!" कशावरून म्हणून विचारले, तर पाचशेचे डिझेल टाकले होते आणि अमुक गावापर्यंत जाऊन आलो, एवढाच पुरावा निघतो.

हा विषय घेण्याचे कारण सांगतो. गेल्या हंगामापूर्वी एक तरुण सभासद आमच्याकडे गट ऑफिसला आले. गाडी कर्जाने घेतलेली, हप्ता चालू, आणि ती चालवायला सख्ख्या चुलत्याचा मुलगा. म्हणाले, "साहेब, विकणाऱ्यानं चौदा देते म्हणून सांगितलं होतं, पहिल्यांदा तेराच्या आसपास देतही होती. आता दहाच्या वर जाईना. पोरगं डिझेल काढतंय. दिवाळी झाली की त्याला काढून टाकतो, नाहीतर गाडीच विकतो." आम्हीही मान डोलावली. गाडी मालकाची, चालवणारा दुसरा आणि डिझेल कमी पडते, म्हटल्यावर मन चटकन त्या बाजूला जाते. घरातले माणूस होते, भावकीत बोलाचाली झाली होती, तरी आम्हीसुद्धा आधी वही बघू असे म्हणालो नाही. ते त्यांच्या आईने म्हटले. "लिहून ठेव बाबा महिनाभर, मग बोल," एवढेच त्या म्हणाल्या. दुधाचा हिशेब त्या घरात त्याच ठेवतात.

म्हणून वही घातली. ती कशी घालायची ते आधी सांगतो, कारण बहुतेकांची चूक येथेच होते.

शंभर पानी साधी वही गाडीच्या कप्प्यात दोरीने पेन बांधून ठेवावी. एक दिवस पंपावर टाकी फुल्ल करावी, नोझल आपोआप पहिल्यांदा बंद पडले की थांबावे, आणि मीटरवरचे किलोमीटर लिहावेत. त्या दिवशी किती लिटर बसले याला महत्त्व नाही, तो नुसता शून्याचा दगड. त्यानंतर पुन्हा टाकी फुल्ल करताना किती लिटर बसले आणि मीटर कितीवर आहे ते लिहावे. मीटरमधला फरक भागिले लिटर, हे तुमचे ॲव्हरेज. उदाहरणार्थ, पहिल्या फुल्लला मीटर ४८,२१० आणि पुढच्या फुल्लला ४८,५५२. म्हणजे ३४२ किलोमीटर झाले. डिझेल बसले २८.५ लिटर. गाडीने १२ दिले. मध्ये कधी अडचणीत पाच लिटर टाकले असतील तर तेही लिहून पुढच्या फुल्लच्या लिटरमध्ये मिळवावेत. एवढेच गणित आहे. चौथी पास मुलगा करील.

रुपयांत मात्र हिशेब ठेवू नये. जून २०१७ पासून पंपावरचा भाव रोजच्या रोज ठरवण्याची पद्धत आली. पाचशे रुपयांत कधी किती लिटर येतील ते भावावर आहे, गाडीच्या तब्येतीवर नाही. रुपयांच्या वहीत भाव वाढला की गाडी बिघडली असे दिसते, आणि भाव उतरला की सुधारली असे दिसते.

एका टाकीवरून निकालही देऊ नये. नोझल कधी थोडे आधी बंद पडते, कधी गाडी उतारावर उभी असते, त्यामुळे एखादा लिटर इकडेतिकडे होतो. दहा लिटरच्या हिशेबात एक लिटरची चूक म्हणजे दहा टक्के, आणि चाळीस लिटरच्या टाकीत अडीच टक्के. पण ही चूक साठत जात नाही. आज लिटर कमी बसले तर पुढच्या वेळी तेवढे जास्त बसते. म्हणून दहा टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर असे केले, तर ४०० लिटरमागे चूक राहते फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुल्लची. शक्यतो तोच पंप, तीच जागा ठेवावी. काही जण गाडी हलवून हलवून गळ्यापर्यंत भरतात, ते करू नये. डिझेल उन्हाने फुगते. चाळीस लिटर डिझेल १५ अंशांनी तापले तर सुमारे अर्धा लिटर वाढते. त्याला टाकीत जागा लागते. यावरून कोणी म्हणेल, मग पहाटे गार असताना भरले तर जास्त मिळेल. तसे होत नाही. पंपाची टाकी जमिनीत खोल असते, तिला सकाळ-दुपार फारशी कळत नाही.

मापाची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप ठेवलेले असते, ते मागून मोजून घेता येते. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो, त्यापेक्षा जास्त नाही. तो ग्राहकाचा हक्क आहे, भांडायची गरज नाही.

नव्या गाड्यांत समोरच्या पडद्यावरच ॲव्हरेज दिसते. तो आकडा यंत्राने अंदाजलेला असतो. चालवताना पाय हलका ठेवायला तो उपयोगी आहे, पण हिशेबाला वहीच धरावी. आणखी एक गंमत टायरची आहे. किलोमीटरचा मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर झिजला की चाक लहान होते, फेऱ्या जास्त होतात आणि मीटर किलोमीटर जास्त दाखवतो. सात-आठ मिलिमीटर झीज झाली तर हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास जातो. मग नवे टायर टाकल्यावर "ॲव्हरेज उतरलं" अशी तक्रार येते. उतरलेले काही नसते, आधीचाच आकडा फुगलेला होता. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर दहा-वीस किलोमीटर ताडून पाहिले की कळते.

आता त्या सभासदांच्या वहीकडे येऊ. प्रत्येक टाकीपुढे त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या, माल काय व किती होता आणि गाडी कोणी चालवली. पहिल्या तीन टाक्या चुलतभावाने चालवली, पडले १०.१. पुढच्या तीन टाक्या मालकांनी स्वतः चालवली, तोच रस्ता, तोच माल, चावी रात्री उशाखाली. पडले १०.२. वही घेऊन ते आले तेव्हा काही बोलले नाहीत, पान उघडून टेबलावर ठेवले. आम्हीही काही बोललो नाही. आम्हीदेखील मान डोलावलेलीच होती.

डिझेल टाकीतून कोणी काढत नव्हते, हे ठरले. मग ते जाते कुठे? त्याच दुपारी गाडी बाजारातून आलेली होती. मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती, उजवे चाक कोमट. जॅक लावून चाक हाताने फिरवून पाहिले, अर्धी फेरीही फिरेना. हँडब्रेकची केबल चिखलाने आणि गंजाने धरली होती. हँडब्रेक खाली केला तरी लायनर ड्रमला घासतच राही. म्हणजे पावसाळ्यापासून ही गाडी एक ब्रेक लावूनच खंबाटकी चढत होती! केबल बदलली, ड्रम उघडून साफ केला. पुढच्या चार टाक्यांचे पडले ११.३.

येथे आम्ही त्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली, ती सर्वांनाच सांगतो. एका वेळी एकच बदल करावा आणि तीन-चार टाक्या थांबावे. ऑइल, फिल्टर, हवा आणि ब्रेक एकाच दिवशी केले, तर फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही, आणि पुढल्या वेळी पुन्हा सगळ्यावर खर्च होतो. खताचा डोस आणि बियाणे एकाच वर्षी बदलून कशाने उतारा वाढला असे विचारणारे सभासद आम्हाला नवे नाहीत.

त्यांचा दुसरा बदल हवेचा. चारही टायरांत पंक्चरवाला डोळ्यांनी पाहून सारखीच हवा भरत होता. पुढच्या व मागच्या टायरांत किती पौंड हवी, रिकामी असताना किती आणि भरलेली असताना किती, हे गाडीच्या पुस्तकात आणि बहुधा दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर दिलेले असते. टायरच्या कडेवर जो आकडा कोरलेला असतो तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल याचा, आपण भरायचा नव्हे. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी, कारण धावल्यावर टायर तापून काटा जास्त दाखवतो. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला दबतो आणि उलगडतो. त्या मळण्यात जी उष्णता होते ती डिझेलच जळून होते. टायरच्या कडा झिजतात ते वेगळेच. टायरवरून हात फिरवावा; एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखे लागले तर अलाइनमेंट बघून घ्यावी.

तिसरी गोष्ट यंत्राची नव्हती, सवयीची होती. रोपवाटिकेत ट्रे भरेपर्यंत आणि मार्केट यार्डात पाळी येईपर्यंत इंजिन चालूच असे. असे उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल खाते आणि किलोमीटर एकही होत नाही. टर्बो इंजिन लांबून पळवत आणल्यावर अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करावे, हे खरे आहे. पण त्या एका मिनिटाच्या नावावर पाऊण तास इंजिन चालू ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. हे सगळे धरून त्यांची गाडी शेवटी बाराच्या आत-बाहेर स्थिरावली. चौदा काही झाली नाही आणि भरल्या गाडीने घाट चढताना होणारही नाही.

दहावरून बारा म्हणजे किती? महिन्याला दोन हजार किलोमीटर धरले तर २०० लिटरच्या जागी १६७ लिटर. वर्षाला चारशे लिटर वाचले. लिटरला ९० रुपये धरले तरी ३६ हजार रुपये झाले. गाडीच्या हप्त्याशी ताडून बघावे. येथे एक हिशेब डोक्यात ठेवावा. आठची गाडी दहावर आली तर शंभर किलोमीटरमागे अडीच लिटर वाचतात. चौदाची गाडी सोळावर आली तर एक लिटरही पुरता वाचत नाही. दोन्हीकडे वाढ दोनचीच दिसते. म्हणून दारात दोन गाड्या असतील तर वाईट गाडीकडे आधी लक्ष द्यावे. आपण उलट करतो, चांगल्या गाडीलाच पुसत बसतो.

चालवण्याबद्दल थोडे. वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो. ६० वरून ८० वर गेले तरी तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. मोकळी फडफडणारी ताडपत्री आणि केबिनच्या वर रचलेले क्रेट हा त्यात भरच घालतात. चढावर इंजिन ठोकायला लागेपर्यंत मोठा गिअर ओढू नये, आणि सपाटीवर बारीक गिअरमध्ये कोकलवत नेऊ नये. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर डिझेल आणि क्लचप्लेट दोन्ही जातात.

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणे, हे मात्र अगदी कळकळीने सांगतो, बंद करा. डिझेल वाचते म्हणून करतात, पण वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तर उताराच्या जोराने चाकेच इंजिन फिरवतात आणि त्या वेळी डिझेल जवळपास तुटते. नव्या गाड्यांत तर पूर्ण बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे डिझेल लागतेच. शिवाय इंजिनचा ब्रेक गेलेला असतो, सगळा भार ड्रमवर, आणि ड्रम तापले की ब्रेक लागत नाहीत. दीड टन टोमॅटो पाठीवर घेऊन घाटात असे उतरणे कोणत्याही बचतीसाठी नको.

एअर फिल्टरची काळजी तोडणीच्या दिवसांत, फडातल्या मातीच्या रस्त्यांवर जास्त घ्यावी. ॲव्हरेजपेक्षा इंजिनच्या आयुष्यासाठी ते जास्त महत्त्वाचे आहे. जोराच्या हवेने बाहेरून फुंकू नये, धूळ कागदात आणखी रुतते. गाडी काळा धूर टाकत असेल तर मात्र फिल्टर आधी पाहावा. डिझेल फिल्टरखालचे पाणी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सोडावे.

जत्रेत, बाजारात आणि आता मोबाईलवरही डिझेलच्या नळीला बांधायचे लोहचुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, बाटल्या विकायला येतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधने तपासली. इंधनात म्हणण्यासारखी बचत करणारे एकही सापडले नाही. तरी ज्यांना हौस आहे त्यांनी दहा टाक्यांची वही आधीची आणि दहा टाक्यांची नंतरची ठेवून मगच शेजाऱ्याला सांगावे.

पेट्रोलवरच्या छोट्या मालगाड्या आणि मोटारसायकली ज्यांच्याकडे आहेत ते आम्हाला विचारतात, इथेनॉलमुळे ॲव्हरेज कमी झाले का? आपल्याच उसाचा माल आहे म्हणून आम्ही लपवून सांगणार नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते. देशात ही मिसळ २००३ साली ५ टक्क्यांनी सुरू झाली आणि २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत आली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की जुन्या रचनेच्या चारचाकीत ६ ते ७ टक्के फरक पडू शकतो, आणि २० टक्क्यांसाठी इंजिन जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के. म्हणजे पंधरा देणारी जुनी गाडी चौदा देईल. ती दहा देत असेल तर दोष इथेनॉलचा नाही, चाक फिरवून बघा.

शेवटी ॲव्हरेज या आकड्याबद्दलच एक तक्रार. तो आकडा फसवतो. धरा, मार्केट ४० किलोमीटरवर आहे. गाडी भरलेली दहा देते, अर्धी भरलेली बारा आणि रिकामी चौदा. पंधरा क्विंटल माल एका खेपेत नेला तर जाताना चार लिटर आणि येताना २.९ लिटर, एकूण सात लिटरच्या आतच. ॲव्हरेज पडले ११.७. तोच माल आज साडेसात आणि उद्या साडेसात असा दोन खेपांत नेला तर लागले जवळजवळ साडेबारा लिटर. आणि ॲव्हरेज? १२.९! वहीत गाडी सुधारलेली दिसते आणि डिझेल पावणेदोन पट जाते. रिकामी फिरणारी गाडी सगळ्यात चांगले ॲव्हरेज देते, हे विसरू नये. म्हणून भाडे मारणाऱ्यांनी किलोमीटरच्या शेजारी क्विंटलचाही रकाना आखावा आणि क्विंटलमागे किती लिटर गेले ते काढावे. येताना परतीचा माल मिळतो का, शेजारच्या दोघांचे खत एकाच खेपेत येते का, याने जेवढे डिझेल वाचते तेवढे कोणत्याही मेकॅनिककडून वाचत नाही. मात्र एका खेपेत न्यायचे म्हणजे पासिंगच्या वर लादायचे असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. एकदा पकडले की वर्षाच्या बचतीतले निम्म्याहून जास्त तिथेच जाते.

ट्रॅक्टरचा हिशेब किलोमीटरवर करू नये. तासाच्या मीटरवर आणि एकरावर करावा: नांगरटीला एकरी किती लिटर, सरी सोडायला किती. ओलीवर नांगरले, चाक घसरत राहिले, फाळ बोथट असला तर एकरी लिटर लगेच वाढतात. यावर पुढे कधी सवडीने लिहू.

त्या सभासदांचा चुलतभाऊ अजून त्याच गाडीवर आहे. वही आता तोच लिहितो. मधल्या एका टाकीला ११.१ पडले तेव्हा मालकांच्या आधी तोच येऊन म्हणाला, "साहेब, पुढचं उजवं चाक गरम लागतंय."

ज्यांना वही सुरू करायची आहे त्यांनी आपापल्या गट ऑफिसात यावे. रकाने आखून देण्यास शेतकी मदतनिसांना सांगून ठेवले आहे. महिनाभराची वही घेऊन आलात तर आम्ही सोबत बसून हिशेब काढून देऊ; येताना गाडीही आणावी, जॅक मात्र तुमचा.

ऊस विकास अधिकारी